चाळीस फुटांचा कॅमेरा आणि हातभर भिंग

जुन्या फोटो स्टुडिओच्या कपाटात कधीकधी एक लांबलचक, जड नळकांडे सापडते. पुढच्या तोंडाला तळहाताएवढी काच, मागच्या टोकाला पितळी किंवा अॅल्युमिनियमची आटेदार कडी आणि अंगावर ‘४००’, ‘५००’ किंवा ‘१०००’ असा आकडा. फिल्म कॅमेऱ्यांच्या काळातले हे सुपर-टेलिफोटो भिंग. ‘हे दूरची वस्तू जवळ आणते’ असे आपण विद्यार्थ्यांना सहज सांगून टाकतो. पण वस्तू तर जागची हलत नाही. मग नेमके काय होते? या आकड्याचा अर्थ काय? आणि पाचशे मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर नाभीय अंतर असलेले भिंग प्रत्यक्षात त्यापेक्षा आखूड कसे असू शकते?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपण आधी महाराष्ट्रातच घडलेल्या एका प्रसंगाकडे वळू या. एक कॅमेरा चाळीस फूट लांब होता, आणि तो सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे उभारला गेला होता.

जेऊरचा कॅमेरा

२२ जानेवारी १८९८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. चंद्राच्या दाट छायेचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरला आणि ईशान्येकडे सोलापूर जिल्हा, वऱ्हाड, नागपूरचा परिसर असा सरकत गेला. या पट्ट्यात देशोदेशीचे शास्त्रज्ञ येऊन थांबले होते. विजयदुर्गाला इंग्लंडचे सर नॉर्मन लॉकियर होते. हेलियमचा शोध विजयदुर्गाला लागला असे पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा १८६८ सालची आहे आणि त्या वर्षी लॉकियर भारतात नव्हते. विजयदुर्गाला ते आले ते १८९८ मध्ये.

जेऊरला दोन महत्त्वाचे तळ होते. एक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांचा. पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्याच देखरेखीखाली होती. दुसरा तळ अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचा. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ याही सोबत होत्या. मुंबई-पुण्यात त्या काळी प्लेगची साथ होती. अशा दिवसांत ही मंडळी समुद्रमार्गे आपली यंत्रसामग्री घेऊन आली, ती जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी.

कॅम्पबेल यांच्या सामानात एक भिंग होते. त्याचा व्यास ५ इंच आणि नाभीय अंतर ४० फूट. लिक वेधशाळेतील शेबर्ले यांनी त्याभोवती एका कॅमेऱ्याची रचना केली होती आणि १८९३ च्या ग्रहणात चिलीमध्ये तो वापरलाही होता. जेऊरला हाच कॅमेरा पुन्हा उभा राहिला. वर मनोऱ्यावर भिंग, खाली खड्ड्यात फोटोची काचपट्टी आणि मध्ये कापडाची तिरपी लांब नळी. आरसा मध्ये न घालता भिंग थेट सूर्याकडे रोखलेले होते, कारण उन्हाने तापलेला आरसा किंचित जरी वाकला तरी प्रतिमा बिघडते.

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर एका साध्या भागाकारात आहे.

आकड्याचा अर्थ

खूप दूरच्या वस्तूची प्रतिमा बहिर्गोल भिंगापासून नाभीय अंतरावर पडते. त्या प्रतिमेचा आकार असा काढतात:

प्रतिमेची उंची = नाभीय अंतर × (वस्तूची उंची ÷ वस्तूचे अंतर)

सूर्य आणि चंद्र दोघेही आपल्यापासून त्यांच्या व्यासाच्या सुमारे ११० पट दूर आहेत. (सूर्याच्या बाबतीत हा आकडा १०७ च्या जवळ आहे, पण अंदाजासाठी ११० पुरे.) म्हणून कोणत्याही भिंगाच्या नाभीय अंतराला ११० ने भागले की सूर्याच्या किंवा चंद्राच्या प्रतिमेचा व्यास मिळतो. फिल्म कॅमेऱ्यावर नेहमी असणारे भिंग ५० मिलिमीटरचे. त्यातून चंद्राचा फोटो काढला तर फिल्मवर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका उमटतो. पौर्णिमेचा चंद्र टिपायला निघालेल्या प्रत्येकाची निराशा या अर्ध्या मिलिमीटरने केलेली असते! ५०० मिलिमीटरच्या भिंगाने तोच चंद्र साडेचार मिलिमीटरचा होतो, १००० मिलिमीटरच्या भिंगाने नऊ मिलिमीटरचा. जेऊरच्या चाळीस फुटी म्हणजे सुमारे १२.२ मीटरच्या कॅमेऱ्यात सूर्यबिंब ११ सेंटिमीटरचे होते. सूर्याच्या कडेवरील ज्वाला आणि करोना म्हणजे प्रभामंडल यांतील बारीक तंतू पाहायचे तर बिंब एवढे मोठे हवेच.

पक्ष्यांसाठीही हेच सूत्र लागू पडते. हिवाळ्यात हतनूर जलाशयावर ६५ सेंटिमीटर लांबीचा चक्रवाक ६५ मीटरवर बसला आहे असे समजा. अंतर लांबीच्या १०० पट. म्हणजे ५० मिलिमीटरच्या भिंगाने प्रतिमा अर्धा मिलिमीटर, ५०० च्या भिंगाने ५ मिलिमीटर. फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची असते. त्यात ५ मिलिमीटरचा पक्षी म्हणजे काही फार मोठा नव्हे, पण पिसांचा रंग आणि चोचीचा आकार त्यातून ओळखता येतो. अर्ध्या मिलिमीटरमध्ये तो केवळ एक ठिपका असतो.

तेव्हा अंगावरचा आकडा म्हणजे नाभीय अंतर, आणि नाभीय अंतर जेवढे पट तेवढी पट प्रतिमा मोठी. सुमारे ३०० ते ४०० मिलिमीटरच्या पुढच्या भिंगांना सुपर-टेलिफोटो म्हणण्याची पद्धत आहे.

चाळीस फूट आखूड कसे करायचे?

नाभीय अंतर वाढले की कॅमेऱ्याची लांबीही तेवढीच वाढणार, असे वाटते. एकच बहिर्गोल भिंग वापरले तर ते खरेही आहे. पण त्यावर एक युक्ती आहे. १८९१ च्या सुमारास लंडनमध्ये डॉलमायर, बर्लिनमध्ये मीथे आणि म्युनिकमध्ये स्टाइनहाइल या तिघांनी स्वतंत्रपणे ती कॅमेऱ्यासाठी वापरली. पुढे बहिर्गोल भिंग आणि त्याच्या मागे, प्रतिमा पडण्याच्या थोडे आधी, अंतर्गोल भिंग. खऱ्या अर्थाने ‘टेलिफोटो’ म्हणायचे ते या जोडीला. नुसते लांब नाभीय अंतर असलेले भिंग टेलिफोटो नसते.

ही युक्ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करून दाखवता येते. २० सेंटिमीटर नाभीय अंतराचे एक बहिर्गोल भिंग आणि १० सेंटिमीटरचे एक अंतर्गोल भिंग घ्या. खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा. अमळनेरच्या एखाद्या शाळेतून बोरी नदीच्या पलीकडच्या काठावरचे झाड किंवा पाण्याची टाकी दिसत असेल तर उत्तम. वस्तू निदान ४०-५० मीटर दूर हवी.

प्रथम फक्त बहिर्गोल भिंगाने कागदावर उलटी प्रतिमा मिळवा आणि तिची उंची मोजा. कागद भिंगापासून २० सेंटिमीटरवर असेल. आता त्याच भिंगाच्या मागे १५ सेंटिमीटरवर अंतर्गोल भिंग ठेवा. किरण जिथे एकत्र येणार होते ती जागा या दुसऱ्या भिंगापासून ५ सेंटिमीटर पुढे आहे. अंतर्गोल भिंग किरणांना थोडे फाकवते, म्हणून ते त्या जागी न मिळता आणखी पुढे मिळतात. गणित असे:

१/v = १/५ − १/१० = १/१०, म्हणून v = १० सेंटिमीटर

प्रतिमा आता अंतर्गोल भिंगाच्या मागे १० सेंटिमीटरवर पडेल, आणि १० ÷ ५ = २, म्हणजे दुप्पट मोठी असेल. ही प्रतिमा ४० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने पडली असती तेवढीच आहे. पण पहिल्या भिंगापासून कागदापर्यंतची एकूण लांबी १५ + १० = २५ सेंटिमीटर! चाळीस सेंटिमीटरचे काम पंचवीसमध्ये झाले. ५०० मिलिमीटरचे भिंग प्रत्यक्षात अर्ध्या मीटरपेक्षा आखूड कसे, याचे उत्तर हेच.

विद्यार्थ्यांना येथेच थांबवू नका. दोन भिंगांमधील अंतर १४ सेंटिमीटर करा. आता प्रतिमा १५ सेंटिमीटरवर जाते आणि अडीचपट होते. अंतर १६ सेंटिमीटर केले तर ती सुमारे ६.७ सेंटिमीटरवर पडते आणि १.६७ पट असते. केवळ एका सेंटिमीटरच्या फरकाने एवढा बदल होतो. म्हणजे अशा भिंगाच्या नळीत काचा किती काटेकोरपणे बसवाव्या लागत असतील, याची कल्पना आपोआप येते. शेवटी अंतर १० सेंटिमीटर करा. कागदावर प्रतिमा कुठेच मिळणार नाही, कारण किरण समांतर बाहेर पडतात. आता कागद काढून अंतर्गोल भिंगाला डोळा लावून झाडाकडे पाहा. झाड सुलटे आणि दुप्पट मोठे दिसेल. ही गॅलिलिओची दुर्बीण! टेलिफोटो भिंग आणि गॅलिलिओची दुर्बीण यांत फरक आहे तो दोन भिंगांमधल्या काही सेंटिमीटरचा. मात्र या जोडीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, हे प्रयोगाआधीच बजावून सांगा.

फुकट काहीच मिळत नाही

वरील प्रयोगात एक गोष्ट चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या लक्षात येते. प्रतिमा दुप्पट झाली, पण ती फिकी पडली. पुढच्या भिंगातून आत येणारा प्रकाश तेवढाच आहे, आणि तो आता चौपट क्षेत्रफळावर पसरला आहे. म्हणून उजळपणा एक चतुर्थांश झाला.

छायाचित्रकार हा उजळपणा ‘एफ’ आकड्याने मोजतात. एफ आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले भिंगाचा व्यास. आकडा मोठा तर प्रतिमा फिकी. ५०० मिलिमीटर, एफ/८ असे भिंग असेल तर त्याचा व्यास ५०० ÷ ८ म्हणजे ६२.५ मिलिमीटर. हेच भिंग एफ/४ करायचे तर १२५ मिलिमीटर व्यासाची काच हवी. मग वजन आणि किंमत दोन्ही आवाक्याबाहेर जातात. जुनी स्वस्त सुपर-टेलिफोटो भिंगे बहुधा एफ/८ किंवा त्याहून फिकी असतात, ती याच कारणाने.

याचा परिणाम थेट छायाचित्रावर होतो. भिंग जेवढे लांब तेवढा हाताचा कंपही मोठा होऊन फिल्मवर उमटतो. म्हणून जुना नियम असा, की ५०० मिलिमीटरच्या भिंगाला शटर निदान १/५०० सेकंद इतके जलद हवे. पण १०० एएसएची फिल्म आणि एफ/८ असे असेल तर कडक उन्हातही सुमारे १/४०० सेकंदच मिळतात. संध्याकाळी तर विचारायलाच नको. म्हणून तिपाई हवीच, आणि ती भिंगाला लावायची, कॅमेऱ्याला नव्हे. सगळे वजन पुढे असते.

रंगांची अडचण आणखी वेगळी आहे. काच निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा जास्त वळवते, त्यामुळे दोन्ही रंगांच्या प्रतिमा एका जागी पडत नाहीत. नाभीय अंतर वाढते तशी ही तफावत वाढते आणि प्रतिमेच्या कडांना रंगीत किनार दिसते. फ्लोराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडचे स्फटिक, रंगांना फार कमी फाकवतात. १९६९ साली कॅनन कंपनीने असे स्फटिक वापरलेले ३०० मिलिमीटरचे भिंग बाजारात आणले. मात्र फ्लोराइट उष्णतेने काचेपेक्षा अधिक प्रसरण पावते आणि नाभी सरकते. म्हणून अशा भिंगांची फोकसची कडी ‘अनंत’ या खुणेच्याही थोडी पुढे फिरते. ते भिंग बिघडले आहे असे समजू नये, ती तपमानासाठी ठेवलेली सवलत आहे.

दुसरा उपाय म्हणजे आरसा. आरसा सर्व रंगांना सारखेच परावर्तित करतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ माक्सुतोव यांनी १९४१ मध्ये सुचवलेल्या रचनेत पुढे एक वक्र जाड काच आणि मागे आरसा असतो. प्रकाश नळीत दोनदा उलटा फिरतो, त्यामुळे नळी खूपच आखूड होते. रशियन ‘एमटीओ’ मालिकेतील ५०० आणि १००० मिलिमीटरची भिंगे याच पद्धतीची. मधल्या छोट्या आरशामुळे पार्श्वभूमीतील चकाकणारे ठिपके कंकणासारखे गोल दिसतात. पाण्यावरच्या पक्ष्याच्या जुन्या फोटोत अशी कंकणे दिसली की तो आरशाच्या भिंगातून काढला आहे हे लगेच ओळखावे.

आणि शेवटची अडचण कोणत्याही कारखान्याला सोडवता येणार नाही. ती हवेची आहे. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेल्या शेतावरून लांब भिंगाने पाहिले तर समोरचे झाड पाण्यात असल्यासारखे लवलवताना दिसते. वेगवेगळ्या तपमानाच्या हवेचे थर प्रकाशाला वेगवेगळे वळवतात, आणि लांब भिंग वस्तूबरोबर हा थरथराटही मोठा करते. त्यावर उपाय एकच: सकाळी लवकर उठणे.

जेऊरचे गणित

आता पुन्हा १८९८ कडे जाऊ. पुढील तीन उदाहरणे नववी-दहावीच्या वर्गाला घालण्यासारखी आहेत.

पहिले. जेऊरचे अक्षांश सुमारे १८° उत्तर. २२ जानेवारीला सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे २०° दक्षिणेला असतो. म्हणून मध्यान्हीच्या सूर्याची उंची ९० − १८ − २० = ५२°. ग्रहणाची खग्रास स्थिती दुपारीच, मध्यान्हीनंतर थोड्या वेळाने होती. १२.२ मीटर लांबीची नळी एवढी तिरपी केली तर भिंग काचपट्टीपेक्षा किती उंच असेल? १२.२ × साइन ५२° = सुमारे ९.६ मीटर. तीन मजली इमारतीएवढे! म्हणूनच वर मनोरा आणि खाली खड्डा.

दुसरे. पृथ्वीच्या परिवलनामुळे सूर्य आकाशात मिनिटाला पाव अंश सरकतो. १२.२ मीटरच्या कॅमेऱ्यात त्याची प्रतिमा मिनिटाला सुमारे ५ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. काही सेकंदांचे प्रकाशन द्यायचे तर चित्र पुसट होणार. भिंग तर मनोऱ्यावर घट्ट बसवलेले. मग यंत्राच्या साहाय्याने काचपट्टीच प्रतिमेबरोबर सरकवण्याची व्यवस्था होती.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे. चाळीस फुटांना ५ इंचांनी भागा: ४८० ÷ ५ = ९६. हा कॅमेरा एफ/९६ चा होता! त्याच दिवशी वऱ्हाडात, भुसावळ-नागपूर रेल्वेमार्गावरील तळणी येथे ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या तळावर अॅनी माँडर होत्या. त्यांच्या छोट्या कॅमेऱ्यात डॉलमायरचे दीड इंच व्यासाचे आणि ९ इंच नाभीय अंतराचे भिंग होते. म्हणजे एफ/६. सूर्यबिंब त्यात जेमतेम दोन मिलिमीटरचे. पण ९६ ÷ ६ = १६ आणि १६ चा वर्ग २५६. म्हणजे या छोट्या कॅमेऱ्यातील प्रतिमा चाळीस फुटी कॅमेऱ्यापेक्षा सुमारे अडीचशे पट उजळ होती. प्रभामंडलाचा बाहेरचा भाग अतिशय फिका असतो. तो जेऊरच्या भव्य कॅमेऱ्याच्या आवाक्यातला नव्हता. अॅनी माँडर यांच्या काचपट्टीवर मात्र सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट दूर पसरलेला प्रभामंडलाचा एक लांब झोत उमटला. तोपर्यंत एवढा लांब झोत कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता.

मोठ्या भिंगाने कडेवरचा तपशील दिला, लहान भिंगाने विस्तार दाखवला. दोन्ही खरे आणि दोन्ही आवश्यक. ‘जेवढे लांब भिंग तेवढा चांगला फोटो’ या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही. आधी काय पाहायचे आहे ते ठरवावे, मग भिंग निवडावे.

अमळनेर जेऊरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. त्या दुपारी येथे सूर्याचा बहुतेक भाग झाकला गेला असणार, पण प्रभामंडल दिसले नसणार. उरलेल्या सूर्याची बारीकशी कोरही त्याला झाकून टाकायला पुरेशी असते.

जुने भिंग हाती आले तर

अशी भिंगे जुन्या बाजारात आज पूर्वीपेक्षा सहज मिळतात, आणि योग्य जोडकडी लावून ती डिजिटल कॅमेऱ्यावरही चालतात. घेण्यापूर्वी विजेरीचा झोत भिंगातून आरपार टाकून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. पावसाळ्यात कातडी पेटीत बंद ठेवलेल्या भिंगांना ती हमखास लागते. कोरड्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवलेले भिंग दीर्घकाळ टिकते.

एक इशारा मात्र प्रत्येक शिक्षकाने द्यावा. उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली सुमारे अडीच मिलिमीटरची असते. ६२.५ मिलिमीटरचे भिंग तिच्या २५ पट रुंद, म्हणजे ६२५ पट प्रकाश गोळा करते. अशा भिंगातून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. खास सौर गाळणी लावायची असेल तर ती भिंगाच्या पुढच्या तोंडावरच लावायची. डोळ्याजवळ लावलेली गाळणी एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकते. जेऊरचे शास्त्रज्ञ प्रभामंडल टिपत होते ते सूर्य पूर्ण झाकलेला असतानाच्या दोन मिनिटांत. खंडग्रास ग्रहणात अशी सुरक्षित मिनिटे नसतात.

२ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. पावसाळ्याचे ढग आडवे न आल्यास ते वर्गाला दाखवण्यासाठी कोणतेही भिंग नको. पुठ्ठ्याला एक बारीक छिद्र पाडा आणि त्यातून येणारा कवडसा अंधाऱ्या खोलीत ५ मीटरवरच्या भिंतीवर घ्या. ५०० सेंटिमीटर भागिले ११०. सुमारे साडेचार सेंटिमीटरचा, एका बाजूने कापलेला सूर्य भिंतीवर दिसेल. कवडसा किती मोठा असेल, हे मुलांना आदल्या दिवशीच काढायला सांगा आणि ग्रहणाच्या वेळी पट्टी लावून मोजू द्या.